औषधचाचणीची खरी माहिती देणाऱ्या ताईंस आभारपत्र

आदरणीय संशोधन समन्वयक ताई,
सप्रेम नमस्कार.

हृदयविकाराचा झटका आल्यावर वडिलांना तासगावहून मिरजेला आणले, त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि ते अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर आपण एका औषधचाचणीची माहिती द्यायला आलात. ती माहिती ज्या सचोटीने दिलीत, त्याबद्दल आमच्या कुटुंबातर्फे मनःपूर्वक आभार मानतो.

बंद झालेली रक्तवाहिनी उघडली तरी रक्तपुरवठा पुन्हा सुरू होतानाच हृदयाच्या काही पेशींना इजा होते, मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो आणि पुढे हृदय मोठे होत जाऊन त्याची ताकद घटू शकते, हे आपण आकृती काढून समजावलेत. ही हानी रोखणारी औषधे शोधणे किती अवघड आहे, हे सांगताना सायक्लोस्पोरिनचा दाखला दिलात. २००८ साली ५८ रुग्णांच्या अभ्यासात त्याने इजा कमी होताना दिसली होती. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ९७० रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर त्याचा काहीच लाभ आढळला नाही. सहभागासाठी विचारायला आलेल्या व्यक्तीने अपयशाची गोष्ट आधी सांगावी, हे आम्हाला अनपेक्षित होते. यशस्वी ठरलेल्या कॅप्टोप्रिल या औषधाबद्दल आपण नंतर बोललात: झटक्यानंतर हृदयाची ताकद कमी झालेल्या २,२३१ रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यूंचा धोका १९ टक्क्यांनी घटवला, असे १९९२ साली सिद्ध झाले.

वडिलांना खरे औषध मिळेल की तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, नेहमीचे उपचार दोन्ही गटांत चालूच राहतील आणि नकार दिला तरी उपचारांत फरक पडणार नाही, हे आपण आईला दोनदा सांगितलेत. (निर्णय अखेर तिचाच चालतो, हे आपण लगेच ओळखलेत.) मराठी संमतीपत्रावर तिथल्या तिथे सही न घेता ते घरी वाचायला दिलेत, दुष्परिणाम, भरपाई आणि केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क यांवरचे आमचे सगळे प्रश्न, अगदी पुन्हा पुन्हा विचारलेलेही, शांतपणे ऐकलेत.

बाबा आता बागेत थोडे फिरतात. त्यांच्या वाट्याला कोणती गोळी आली, हे आपल्यालाही ठाऊक नाही. त्यावर ते आनंदाने तर्क लढवत बसतात. पुढच्या तपासणीला आम्ही ठरल्या तारखेस येऊ. मागच्या वेळी नियम सांगून परत केलेला बेदाण्याचा पुडा मात्र आणणार नाही.

आपला कृतज्ञ,
एका सहभागी रुग्णाचा मुलगा
तासगाव, जि. सांगली