लेबल प्रिंटरच्या न चालणाऱ्या लिनक्स ड्रायव्हरबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

देवगडला आमचे हापूसचे पॅकिंग चालते. पेट्यांवर लावायच्या लेबलांसाठी आपला थर्मल प्रिंटर घेतला. खोक्यावर विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी तिन्ही नावे छापली आहेत, ती वाचूनच घेतला. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्याने विंडोज ११ चालत नाही, आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे बिले, हिशेब, सगळे उबंटू या लिनक्स प्रणालीवर आहे आणि उत्तम चालले आहे. शेडमधला लेझर प्रिंटर तर केबल जोडताच सुरू झाला.

आपला लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, मात्र जुन्या ३२-बिट पद्धतीचा निघाला, आमचे उबंटू ६४-बिट. कप्स या लिनक्सच्या छपाई यंत्रणेच्या यादीत प्रिंटर दिसतो, पण प्रिंट दिली की 'फिल्टर फेल्ड', म्हणजे मजकूर प्रिंटरच्या कमांडमध्ये बदलणारा भागच अडतो. ३२-बिट लायब्ररी शोधून टाकल्यावर छपाई सुरू झाली, तर 'देवगड हापूस' ही अक्षरे अर्धी एका लेबलवर, अर्धी पुढच्यावर, आणि बारकोड बरोबर मधल्या फटीवर! ती फट सेन्सरला ओळखता यावी यासाठीचे कॅलिब्रेशन आपण फक्त विंडोजच्या युटिलिटीत ठेवले आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनमध्ये ती उघडते, पण तिला प्रिंटर सापडत नाही, कारण विंडोजचा यूएसबी ड्रायव्हर वाइनमध्ये चालत नाही. शेवटी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरवर, विंडोज टाकून, यूएसबी तिकडे जोडून काम भागवले. लेबलचा आकार बदलला की पुन्हा तोच खटाटोप, आणि तोवर मुंबईची गाडी दारात उभी. हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाल्यापासून गिऱ्हाईक आधी लेबल बघते. मार्करने लिहिलेली पेटी त्याला कशी द्यायची?

आपल्या हेल्पलाइनवर एकच उत्तर मिळाले: "विंडोज टाका." हे मला मान्य नाही. लिनक्स चालतो असे सांगून आपण पैसे घेतले आहेत.

६४-बिट ड्रायव्हर आणि लिनक्सवर चालणारे कॅलिब्रेशन द्यावे. ते जमत नसेल तर निदान प्रिंटरच्या कमांडचे मॅन्युअल जाहीर करावे, फिल्टर लिहिणारे जाणकार लिहितील. दोन्ही होणार नसेल तर प्रिंटर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी आणि खोक्यावरचे लिनक्सचे नाव काढावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत बिलाची प्रत आणि फसलेल्या लेबलांचे फोटो जोडले आहेत.

आपला ग्राहक,
एक आंबा बागायतदार, देवगड, जि. सिंधुदुर्ग