हिच गाठी केवळ चित्रावरून शिकू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गिर्यारोहण आणि गुहाभ्रमण यांवरील लेखांसोबत गाठींची चित्रे छापली जातात, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र हिच (hitch) प्रकारच्या गाठी आकार पाहून मारता आल्या म्हणजे त्या येऊ लागल्या, असा समज त्यातून पसरू नये, म्हणून हे पत्र. आठाची गाठ दोराच्या स्वतःच्याच पिळात टिकते. हिच मात्र कॅराबिनरला (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीला), खांबाला किंवा दुसऱ्या दोराला आवळून धरते, त्यामुळे तिची पकड घर्षणावर, दोराच्या जाडीवर आणि भार कोणत्या दिशेने येतो यावर ठरते. चित्रात यांपैकी काहीच धड दिसत नाही.

ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि आज त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी गाठ घ्या. दहा-अकरा मिलिमीटरच्या मुख्य दोराभोवती साधारण सहा मिलिमीटर दोरीच्या फासाचे तीन वेढे दिले की ती भार नसताना हाताने सरकते आणि भार येताच आवळते. पण फासाची दोरी मुख्य दोराइतकीच जाड असेल किंवा वेढे एकमेकांवर चढलेले असतील, तर पकडीचा भरवसा राहत नाही. गुहेत दोर ओला आणि चिखलाने माखलेला असतो, तेव्हा हीच गाठ घसरू लागते. एखादा वेढा वाढवावा लागतो आणि दुसरा आधार जोडलेला असतानाच तिच्यावर हळूहळू वजन टाकून पाहावे लागते. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, घाबरलेला माणूस गाठच मुठीत घट्ट धरतो. मग ती हातासोबत खाली सरकत राहते, आवळतच नाही, आणि घर्षणाने तापते ते वेगळेच. डायनिमा या कृत्रिम धाग्याचा पट्टा गुळगुळीत असतो आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो, तर नायलॉन २०० अंशांच्याही पुढे तग धरते. म्हणून अशा गाठीसाठी मिळेल तो पट्टा वापरणे मला सरळसरळ धोक्याचे वाटते.

दोर कॅराबिनरला बांधण्याच्या क्लोव्ह हिचची मोठी सोय म्हणजे कॅराबिनरमधून दोर न काढता लांबी कमी-जास्त करता येते. तरीही दोन्ही टोके ओढून ती घट्ट बसवायला हवी आणि भार घेणारा दोर कॅराबिनरच्या कण्याकडे, म्हणजे न उघडणाऱ्या बाजूला, यायला हवा. दोर सोडताना ब्रेक लावणाऱ्या मुंटर हिचमध्ये दोर ओढण्याची दिशा बदलली की गाठ उलटते, म्हणून तिला रुंद, पेरूच्या आकाराचा लॉकिंग (स्क्रूने बंद होणारा) कॅराबिनर लागतो; ब्रेकचा, म्हणजे हातात धरलेला, दोर त्याच्या स्क्रूवर घासत राहिला तर लॉक उघडू शकते, आणि ब्रेकवरचा हात तर क्षणभरही सुटता कामा नये.

माझी विनंती एवढीच, की गाठीच्या प्रत्येक चित्रात भाराची दिशा बाणाने दाखवावी, दोन्ही दोरांची जाडी लिहावी आणि जाणत्या प्रशिक्षकासमोर जमिनीलगत सराव केल्याखेरीज ती वापरू नये, असे ठळकपणे छापावे. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनीही कोरड्या, नव्या दोरावर घेतलेल्या परीक्षेवर समाधान मानू नये. हातमोजे घालून, हेडलॅम्पच्या उजेडात, चिखलाच्या दोरावर मारलेली गाठ प्रत्यक्ष वजन घेते का, हे तपासूनच शिकाऊंना गुहेत किंवा कड्यावर न्यावे.

आपला विश्वासू,
एक गिर्यारोहक