उजेडाने जंतू मारणाऱ्या औषधांवरही लिहा

संपादक साहेब, नमस्कार,

अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ मधे जगात अंदाजे १२.७ लाख लोक गेले असं लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातल्या अभ्यासात आलंय, वाचून खरंच काळजी वाटते. पण यावर एक वेगळा रस्ता आहे आणि मराठीत त्यावर फारच कमी छापून येतं म्हणून लिहितोय.

म्युनिकमधे १९०० साली ऑस्कर राब या विद्यार्थ्याने दाखवलं की ॲक्रिडीन नावाचा रंग आणि उजेड एकत्र आले की पॅरामेशियम हे एकपेशीय सूक्ष्मजीव मरतात. तत्त्व आजही तेच, रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो आणि तो खवळलेला ऑक्सिजन जंतूचं आवरण, प्रथिनं, डीएनए सगळीकडे एकदम मारा करतो, त्यामुळे जंतूला रेझिस्टन्स आणणं बरंच अवघड जातं. खरी कमाल रेणूच्या डिझाइनमधे आहे. ई. कोलायसारख्या जंतूंना बाहेरून एक जादा आवरण असतं आणि त्यावर ऋण विद्युत भार, म्हणून केमिस्ट लोक रेणूवर धन भार बसवतात म्हणजे तो तिथेच जाऊन चिकटतो. मिथिलीन ब्लू असाच, व्हँकुव्हरच्या एका मोठ्या हॉस्पिटलमधे ऑपरेशनआधी पेशंटच्या नाकात तो लावून लाल प्रकाश देतात.

उजेड शरीरात खोल जात नाही, त्यामुळे रक्तातल्या इन्फेक्शनला हे चालणार नाही हे मान्य. पण डायबेटिसवाल्यांच्या पायाच्या जखमा, हिरड्या, भाजलेली त्वचा इथे तर उजेड पोचतो ना! आपल्याकडच्या संशोधकांना यावर सविस्तर लिहायला सांगा, प्लीज.

- एक वाचक