बंद रेल्वेमार्गावर सायकलमार्ग करायचाच, तर आधी मोऱ्या पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपली ‘शकुंतला’, म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज रेल्वे, थांबल्यापासून तिच्या रुळांच्या जागेचे काय करायचे, यावर बोलणे सुरूच आहे. ब्रॉडगेज व्हावे ही मागणी रास्त आहे आणि ती कोणीही सोडू नये. पण तोवर यवतमाळ–मूर्तिजापूर ११३ आणि मूर्तिजापूर–अचलपूर ७६ किलोमीटरचा हा पट्टा वेड्या बाभळीला आणि धुरे (शेताचे बांध) कोरणाऱ्यांना आंदण देऊन टाकायचा का? तिथे सायकलमार्ग करावा, असे हल्ली बरेच जण सुचवतात. सूचना चांगली आहे. मात्र ‘रूळ काढा, मुरूम टाका’ एवढ्यावर ती थांबली, तर दुसऱ्या पावसाळ्यात तिथे सायकल सोडा, शेळीही चालणार नाही. बंद रेल्वेमार्गांवर जगात शेकडो सायकलमार्ग झाले आहेत. त्यांतले उत्तम कशाने उत्तम ठरले आणि रद्दी कशाने, हे आपल्या मातीशी ताडून पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी सर्वांत मोठी शंका. सायकलमार्ग झाला की रेल्वे कायमची गेली, अशी भीती लोकांना वाटते आणि ती खोटी नाही. अमेरिकेत १९८३ साली कायद्यात दुरुस्ती करून यावर तोड काढली गेली. बंद मार्गाची पट्टी सलग राखायची, तात्पुरता सायकलमार्ग करायचा आणि रेल्वेला गरज पडली तर जागा परत द्यायची. काही ठिकाणी तसे पुन्हा रूळ पडलेही. आपल्याकडेही कराराच्या पहिल्याच कलमात हे लिहून घ्यावे. रिकामी पट्टी दरवर्षी दोन्ही बाजूंनी वीतभर कोरली जाते. वापरात असलेली पट्टी कोरायला कोणी धजत नाही. ब्रॉडगेज मागणाऱ्यांनी तर म्हणूनच या मार्गाच्या बाजूने उभे राहावे. शकुंतला मूळची खासगी कंपनीची, त्या मालकीचा जुना गुंता मात्र आधी कागदावर सुटला पाहिजे. त्याशिवाय एक ब्रास (शंभर घनफूट) मुरूमही टाकू नये.

रेल्वेच्या पट्टीचा खरा फायदा म्हणजे सौम्य चढ. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नसे, म्हणून इंजिनिअरांनी टेकडीला वळसा घातला, खोलात भराव घातला आणि उंचवटा कापला. न्यूझीलंडचा ओटागो सेंट्रल मार्ग १५२ किलोमीटर लांब आहे, डोंगराळ भागातून जातो, तरी त्यावर कुठेही ५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त चढ नाही. साठीचा माणूस किंवा पाठीवर दप्तर घेतलेली आठवीतली मुलगी तो बिनागिअरच्या सायकलवर न उतरता चढू शकते. हा सौम्य चढ रेल्वेने फुकट दिलेला असतो. तो घालवायचा नाही, एवढेच आपल्या हाती असते आणि वाईट मार्गांवर नेमका तोच घालवलेला असतो.

ऑस्ट्रेलियातला ब्रिस्बेन व्हॅली मार्ग १६१ किलोमीटरचा. लांबी आणि परिसर उत्तम. पण जिथे जुने लाकडी पूल वापरायोग्य राहिले नव्हते, तिथे वाट नाल्यात उतरवून पलीकडे चढवली आहे. उतार उभा, तळाशी सैल खडी. वेगात उतरलेल्या सायकलचे पुढचे चाक तिथे घसरते आणि ओझे असलेल्याला चढताना उतरून ढकलावे लागते. शकुंतलेच्या मार्गावर लहान-मोठ्या मोऱ्या (भरावाखालून पाणी जाण्याच्या वाटा) आणि पूल पुष्कळ आहेत. त्यांतला एक पूल वगळून रपटा (नाल्याच्या तळातून जाणारी फरसबंद वाट) केला, तर पावसाळ्यात तो मार्ग दोन तुकड्यांचा होतो. पूल आधी, मार्ग मागून, हा क्रम म्हणूनच धरावा.

पुलावर स्लीपर काढल्यावर गर्डरवर फळ्या किंवा काँक्रीटचे तुकडे बसवतात. ते जाण्याच्या दिशेला आडवे हवेत, उभे कधीच नकोत. उभ्या फळ्यांची फट एक-दोन सेंटिमीटर वाढली की बारीक टायर त्यात उतरते आणि स्वार कठड्यावर आदळतो. आडव्या फळ्यांतही फट एक सेंटिमीटरच्या आत ठेवावी. कठडा १.४ मीटर उंच असावा, कारण सायकलवर बसलेल्याचा तोल पायी माणसापेक्षा वर असतो आणि कंबरेएवढ्या कठड्यावरून तो सरळ खाली जातो.

आता पृष्ठभाग. मार्ग सर्वांत जास्त इथेच बिघडतात. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला केटी मार्ग सुमारे ३८६ किलोमीटर, चुनखडीच्या बारीक चुरीचा. ओली करून दाबली की चुनखडीची चुरी घट्ट बसते आणि वर जवळजवळ सिमेंटसारखी कडक पापडी धरते. ते पाहून आपल्याकडेही ‘क्रशरची चुरी टाका’ असा सल्ला दिला जातो. पण पश्चिम विदर्भातली चुरी काळ्या दगडाची. ती स्वतःहून धरत नाही. उन्हाळ्यात ती वाळूसारखी सुटते, चाक रुतते आणि पावसात ती कडेच्या नालीत जाते. तिच्यात चाळलेल्या मुरुमाचा बारीक भाग शंभराला दहा-पंधरा एवढा मिसळला तरच ती बांधली जाते. जास्त मिसळला तर चिकट होते. वणी–कोरपन्याकडे चुनखडी आहे, तिथल्या कामांना केटीची पद्धत चालेल. दारव्ह्याला ती गाडीभाड्यातच परवडणार नाही.

खालच्या थरांचे काम असे. रूळ आणि स्लीपर काढल्यावर गिट्टी तिथेच राहू द्यावी. गिट्टी विकून पैसे सुटतात, म्हणून ठेकेदार आधी तीच उचलतो आणि पुढच्या सगळ्या बिघाडाचे मूळ तिथेच असते. गिट्टीचा थर पाणी वाहून नेतो आणि काळ्या मातीला वर येऊ देत नाही. तो काढून थेट मातीवर मुरूम टाकला, तर दोन पावसाळ्यांत मुरूम खाली आणि माती वर अशी अदलाबदल होते. गिट्टी तासून सपाट करावी, कंप देणाऱ्या रोलरने दाबावी, त्यावर दबाईनंतर १० सेंटिमीटर भरेल इतका मुरूम आणि त्यावर ५ सेंटिमीटर मिश्र चुरी. नॅरोगेजच्या भरावाचा माथा जेमतेम साडेतीन मीटर, म्हणून अडीच मीटरचा मार्ग आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर मोकळी कड. या मापाने एका किलोमीटरला दाबलेला मुरूम ८८ ब्रास, म्हणजे सैल ११० ते ११५ ब्रास लागतो आणि चुरी सैल ५५ ब्रास. कोणत्याही अंदाजपत्रकात याहून फार कमी आकडा दिसला, तर थर पातळ होणार आहे असे समजावे.

मुरूम मूठ आवळल्यावर गोळा होईल आणि हाताला पाणी सुटणार नाही, इतकाच ओला हवा. कोरडा दाबला तर वरून कडक दिसतो, आतून पोकळ राहतो. कडेला आठ-दहा टनी रोलर नेऊ नये. भरावाची कड खचते आणि ती खचलेली कड पुढे पावसाचे पाणी ओढते. तिथे एक टनाचा हातरोलर पुरे. मधला भाग कडेपेक्षा पावणेचार सेंटिमीटर उंच ठेवावा, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरेल. याहून जास्त उंचवटा केला तर सगळे मधूनच सायकल चालवतात आणि मधे चाकोरी पडते. काम झाल्यावर साधी कसोटी अशी: पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ओझे लादलेली सायकल चालवून पाहावी. टायरचा ठसा अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल उमटला तर दबाई अपुरी आहे.

असा पृष्ठभाग असेल तर महागडी सायकल लागत नाही. आपली साधी काळी सायकल २८ × १½ टायरची, म्हणजे जवळपास ४० मिलिमीटर रुंद. परदेशात खडीच्या मार्गांसाठी एवढ्याच रुंदीचे टायर मुद्दाम विकत घेतात. मागे ४५–५०, पुढे ४० पौंड हवा ठेवली की ती चुरीवर छान धावते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या सायकलीही इथे सहज चालतील आणि या मार्गाचा खरा रोजचा प्रवासी तोच असेल. सहलीला येणारा शहरी स्वार नंतर.

पाण्याचे आणखी थोडे. भराव म्हणजे वावरांच्या मधोमध घातलेला बांधच असतो. त्याखालच्या मोऱ्या गाळाने बुजल्या की वरच्या अंगाला पाणी तुंबते, काळी माती ते पिते, फुगते आणि कड घसरते. मग उन्हाळ्यात तीच माती आक्रसून मार्गाच्या लांबीने भेग पडते. ही उभी भेग सायकलला सर्वांत घातक, कारण आडवी भेग धक्का देते, तर उभी चाक धरून ठेवते. अशी भेग वरून माती लोटून बुजवू नये. ती वीतभर रुंद उकरावी, चुरी आणि मुरूम पाणी घालून ठोकून भरावा, आणि तिच्या जवळची मोरी आधी मोकळी करावी. मोरी बुजलेली राहिली तर पुढच्या वर्षी भेग तिथेच पडते. केटी मार्ग नदीकाठाने जातो, म्हणून १९९३ च्या महापुरात त्याचा मोठा भाग उखडला गेला. आपल्याकडे मूर्तिजापूर–दर्यापूरच्या मधे पूर्णेचा पूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंची खोल काळी जमीन हा तसाच भाग आहे. तिथे मातीत तीन ते पाच टक्के चुना मिसळून थर पक्का करावा लागेल आणि खर्च बराच वाढेल. शिवाय तो खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा भाग आहे. वाटेतल्या हातपंपाचे पाणी पिण्याजोगे नाही, त्यामुळे पाण्याची टाकी वेगळी लागेल.

म्हणून आमच्या मते या १८९ किलोमीटरांत सर्वांत अवघड तुकडा मूर्तिजापूर–दर्यापूर, आणि सर्वांत सोपे दोन. एक कारंजा–दारव्हा, जिथे जमीन मुरमाड आणि निचऱ्याची आहे. दुसरा पथ्रोट–अचलपूर, जिथे सातपुड्याच्या पायथ्याची माती, गोडे पाणी आणि संत्र्याच्या बागा आहेत. कामाची सुरुवात मूर्तिजापूर जंक्शनवरून करावी असा मोह होईल, कारण तिथे मुंबई–नागपूर मार्गाच्या गाड्या थांबतात. तो मोह टाळावा. पहिला तुकडा फसला की दुसऱ्याला पैसा मिळत नाही.

पांधण रस्ते आणि गावरस्ते जिथे मार्ग ओलांडतात, तिथे बंडी आणि ट्रॅक्टर रोज आडवे जाणार. तेवढा पट्टा १५ सेंटिमीटर जाड काँक्रीटचा करावा, नाहीतर चाकोऱ्यांनी मार्ग तिथेच तुटतो. मार्गावर ट्रॅक्टर लांबीने शिरू नये म्हणून तोंडाशी मधोमध एकच खांब असावा, दोन्हीकडे सव्वा मीटरच्या आसपास वाट. दोन खांब लावले की मधली वाट नेमकी समोरासमोर येणाऱ्या दोघांची होते आणि टक्कर ठरलेली. म्हणून खांब एक किंवा तीन. नागमोडी लोखंडी अडसर तर नकोतच. दुधाचे कॅन लटकवलेली सायकल आणि अपंगांची तीनचाकी त्यातून जात नाही, मोटारसायकल मात्र जाते.

आपल्या भागाची एक अडचण परदेशी मार्गांना नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांना रोखायला शेतकरी झटका मशीनच्या, म्हणजे विजेचा हलका झटका देणाऱ्या तारा लावतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पीक वाचवायचे असते. पण तार मार्गाच्या कडेपासून निदान दोन मीटर आत असावी, तिच्यावर पांढरे फडके बांधावे आणि तारेत घरचा थेट प्रवाह तर कोणत्याही परिस्थितीत नसावा. याबाबत ग्रामसभेचा ठराव मार्गाच्या आधी व्हायला हवा.

काटे हा रोजचा त्रास. वेडी बाभूळ नुसती तोडली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. मुळासकट उपटावी आणि तोडलेल्या फांद्या मार्गावर एक दिवसही ठेवू नयेत, वाळलेला काटा टायरमध्ये जास्त खोल जातो. सावलीसाठी कडुनिंब आणि करंज लावावे. करंजाला गुरे तोंड लावत नाहीत. वड-पिंपळ भरावापासून दूर ठेवावेत, त्यांची मुळे मोऱ्या फोडतात. मूर्तिजापूर–अचलपूर मार्ग बराचसा दक्षिणोत्तर आहे, म्हणून तिथे पहिली रांग पश्चिमेला लावावी. शाळा सुटण्याच्या वेळचे ऊन त्या बाजूचे असते.

डांबरी मार्गाचा आग्रहही कधीकधी धरला जातो. इंग्लंडचा ब्रिस्टल–बाथ मार्ग २१ किलोमीटर डांबरी आहे आणि वर्दळीच्या शहरांत तो योग्यच. पण काळ्या मातीच्या भरावावर पातळ डांबर तडकते आणि तुकड्यातुकड्याने उखडते. खेड्यातल्या माणसांना चुरीची डागडुजी फावडे आणि हातरोलरने करता येते. स्पेनच्या सिएरा मार्गावर ३६ किलोमीटरांत ३० बोगदे आहेत. आपल्याकडे बोगदे नाहीत, तो खर्च वाचला. त्या मार्गाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: तिथे जुन्या स्थानकांत मुक्काम आणि जेवणाची सोय केली आहे. ओटागोला तर गँगमनच्या (रूळ सांभाळणाऱ्या कामगारांच्या) खोल्यांसारखे लहान आडोसेही विसाव्यासाठी आहेत. आपल्या स्थानकांच्या इमारतींची छपरे यंदाच दुरुस्त केली नाहीत, तर पुढे फक्त भिंती उरतील.

एका मार्गाला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. अकोटच्या पुढे मेळघाटातून खांडव्याकडे जाणारा जुना मीटरगेज, धूळघाटच्या प्रसिद्ध वळणासह, सायकलस्वारांना भुरळ घालतो. तो व्याघ्र प्रकल्पातून जातो. गाड्या थांबल्यावर तिथले जंगल आपसूक सावरू लागले आहे, तिथे सायकलींची ये-जा नको. नागपूर–नागभीडला ब्रॉडगेजचे काम हाती घेतले आहे, तिथे प्रश्नच नाही.

जिल्हा परिषदेने आणि रेल्वेने यंदा एवढेच करावे: कारंजा–दारव्हा तुकड्यातल्या प्रत्येक मोरीला क्रमांक द्यावा, पावसाळ्याआधी गाळ काढावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोणत्या मोरीपाशी पाणी किती तास तुंबते, हे गावच्या माणसाकडून वहीत लिहून घ्यावे. अंदाजपत्रक त्या वहीवरून करावे.

आपले,
सायकल वापरणारे आणि रस्तेकामातले काही नागरिक,
दारव्हा, जि. यवतमाळ