नायिका खंबीर आहे, पण कॅमेरा कुठे उभा आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मराठी चित्रपटांतल्या खंबीर नायिकांवरचा लेख वाचला. नोकरी करणारी, बुलेट चालवणारी, वेळ आली तर गुंडाच्या कानाखाली वाजवणारी नायिका पडद्यावर आली, म्हणजे स्त्रीचं चित्रण बदललं, असा त्याचा सूर आहे. तो मला पटला नाही, म्हणून हे पत्र. नायिका काय करते एवढ्यावर भागत नाही. तिच्याकडे कोण बघतं, कुठून बघतं आणि किती वेळ, हे पाहिल्याशिवाय चित्रण बदललं की नाही ते सांगताच येत नाही.

ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकातल्या निबंधात हा मुद्दा मांडला. सिनेमात तीन नजरा असतात: कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडे बघण्याची. रूढ व्यावसायिक सिनेमा पहिल्या दोन नजरा तिसरीच्या आड लपवतो, आणि ती तिसरी बहुतेक वेळा पुरुषाची असते. तो बघतो, ती बघितली जाते. तो गोष्ट पुढे नेतो, ती आली की गोष्ट थबकते. या मांडणीवर पुढे भरपूर वाद झाले. स्त्री प्रेक्षकाचं काय, या प्रश्नाकडे खुद्द मल्व्हीही १९८१ मध्ये पुन्हा वळल्या. पण मूळ प्रश्न अजून जुना झालेला नाही.

हे परदेशी खूळ आहे, असं कुणी म्हणेल. त्यांना एक आठवण करून देते. मल्व्हींनी त्या निबंधात ज्या दिग्दर्शकांचे दाखले दिले, त्यांत जोसेफ फॉन स्टर्नबर्ग आहे. त्याच्या १९३० च्या जर्मन चित्रपटात एक मास्तर नाच-गाण्यातल्या बाईपायी धुळीला मिळतो. आपला १९७२ चा ‘पिंजरा’ त्याच कथानकावर बेतलेला आहे. आदर्श गुरुजी ढासळतात आणि गाव बोट दाखवतं ते तमाशातल्या बाईकडे. म्हणजे ही नजर आपल्याकडे केव्हाच येऊन स्थिरावली आहे, आणि आपण तिला अस्सल मराठी मातीतली म्हणून डोक्यावर घेतलं.

लावणीचंच घ्या. संगीत बारीत, म्हणजे फक्त लावणीच्या नाच-गाण्याच्या कार्यक्रमात, बसून लावणी बघितलेल्यांना ठाऊक आहे की तिथे बघणं एकतर्फी नसतं. बाई अंगभर नऊवारीत उभी असते, संपूर्ण दिसते आणि समोरच्यालाही तेवढंच निरखून बघत असते. बैठकीच्या लावणीत तर ती बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी वेगळी अदा करते. कधी रुसवा, कधी लटका राग, कधी उघड थट्टा. पुढच्या रांगेतला कुणी फार सैलावला, तर एका कटाक्षात त्याला जागेवर आणायची ताकद तिच्याकडे असते. माझ्यासारख्या अनेकींनी फक्त महिलांसाठी होणारे लावणीचे प्रयोगही पाहिले आहेत. तिथे बायका शिट्ट्या मारतात, पदर खोचून नाचतात, लावणीतला चावटपणा मोकळेपणाने घेतात. नाच तोच, शृंगार तोच. बघणारे बदलले की सगळं वातावरणच पालटतं.

आता पडद्यावरची लावणी आठवून पाहा. आधी घुंगरू बांधलेला पाय, मग कंबर, मग उघडी पाठ, मग ओठ. प्रत्येक तुकड्यानंतर मिशीवर ताव देणारा पाटील, नाहीतर फेटे उडवणारा जमाव. पूर्ण बाई क्वचितच दिसते, आणि तिने कुणाकडे कसं पाहिलं हे तर कापूनच टाकलेलं असतं. लावणीची अर्धी कला डोळ्यांत आणि चेहऱ्यावर आहे. ती कात्रीत जाते आणि उरतं ते आपण लोककला म्हणून मिरवतो. याचा मला मनापासून राग येतो.

इथेच मल्व्हींची मांडणी अपुरीही पडते. १९९२ मध्ये बेल हुक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेने विचारलं होतं, तुमच्या सिद्धान्तातली ही बाई नेमकी कोणती? गोरीच ना? तो प्रश्न आपल्याकडे जातीचा होतो. फडावर उभ्या राहिलेल्या बहुतेक जणी कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतल्या. त्यांच्याकडे बघणारा पाटील नुसता पुरुष नसतो, तो गावाचा मालकही असतो. हे न बोलता केलेली स्त्रीवादी समीक्षा माझ्या लेखी अर्धवट आहे.

दुसरं उदाहरण ‘चक्र’ या हिंदी चित्रपटाचं. झोपडपट्टीत राहणाऱ्या बाईला न्हाणीघर नाही, तिला उघड्यावर अंघोळ करावी लागते. स्मिता पाटील यांनी ते दृश्य केलं, त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपटात त्या दृश्यामागे आख्खी वस्ती आहे. वितरकांनी नेमकं तेवढंच उचलून पोस्टरवर लावलं. वस्ती गेली, गरिबी गेली, राहिलं ओलं अंग. स्मिता पाटील यांना ते अजिबात आवडलं नव्हतं. चौकट कुठे कापली यावर किती अवलंबून असतं, ते यावरून कळावं.

उलट ‘सैराट’मध्ये (२०१६) वर्गात आर्ची परश्याकडे टक लावून बघते आणि अवघडून जातो तो. मला ते तिच्या बुलेटपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. आणि हाच परश्या पुढे हैदराबादेत संशयापायी तिच्यावर हात उचलतो, तेव्हा चित्रपट त्याला पाठीशी घालत नाही. दिग्दर्शक पुरुष आहे म्हणून हे जमत नाही असं नाही. कुणाच्या बाजूला उभं राहायचं, ते आधी ठरवावं लागतं.

आता थोडं आपल्या वृत्तपत्राविषयी. परीक्षणांत ‘अमुक हिने ग्लॅमरची बाजू सांभाळली आहे’, ‘नायिकेला फारसा वाव नाही’ ही वाक्यं वर्षानुवर्षं छापून येतात. वाव का नाही, कुणी दिला नाही, यावर एक ओळ नसते. नायकाच्या अभिनयाला परिच्छेद आणि नायिकेच्या वाट्याला ‘छान दिसते’. शेजारी फोटो मात्र हमखास तिचाच, तोही गाण्यातला. छायाचित्रणावर लिहिताना ‘नेत्रसुखद’ म्हणून समीक्षक मोकळे होतात. कुणाच्या नेत्रांना सुखद, हे त्यांनी लिहावं अशी माझी विनंती आहे. गाण्यात कॅमेरा कुठे रेंगाळला, बलात्काराच्या प्रसंगात तो कुणाच्या जागी उभा होता, पडद्यावरच्या दोन बायका नवरा किंवा प्रियकर सोडून आपसात काही बोलल्या का, एवढं जरी परीक्षणात आलं तरी तिकीट काढण्याआधी माझ्यासारख्या वाचकाला त्याचा उपयोग होईल. त्यासाठी ताऱ्यांचा तक्ता थोडा लहान करावा लागला, तरी चालेल.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर