गच्चीवर भाजीपाला आणि वाळवण करण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

अप्पा, हे तुम्हाला जिन्यात भेटूनही सांगता आलं असतं. पण विषय एकट्या अध्यक्षांनी हो-नाही म्हणण्याचा नाही, सगळ्या सभासदांचा आहे, म्हणून रीतसर पत्र देते आहे. ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही पहिली विनंती. सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, म्हणून ऑगस्टमध्येच लिहिते आहे.

मागणी अशी : ब विंगची गच्ची वर्षातले आठ महिने इच्छुक सभासदांना वापरू द्यावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिथे पिशव्यांमधून भाजीपाला होईल आणि मार्च ते मे वाळवण. पावसाळ्याचे चार महिने गच्ची पूर्ण मोकळी राहील. अ विंगच्या गच्चीला आम्ही हात लावणार नाही, तिथे टाक्या आणि सोलर आहेत.

हे वेळापत्रक आपल्या जळगावच्या उन्हाकडे पाहून केलं आहे. गच्चीवरच्या बागेविषयी जी माहिती सगळीकडे मिळते ती बहुतेक पुण्या-मुंबईच्या हवेची असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि स्लॅब त्याहून तापतो. पस्तिशी ओलांडली की टोमॅटोची फुलं गळायला लागतात, पालेभाजी दुपारपर्यंत माना टाकते. त्या दिवसांत भाजी जगवायची म्हटलं तर दोन वेळा पाणी, वर शेडनेट, आणि एवढं करून हाती फारसं येत नाही. नळाला रोज पाणी येत नसलेल्या गावात तो हट्ट मला पटत नाही. पण तेच ऊन आणि तीच कोरडी हवा वाळवणाला इतकी मानवते की कोकणातल्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पसरतात त्या या हवेच्या जोरावर. आपल्याच जळगावात कांदा वाळवून बाहेरदेशी पाठवणारे कारखाने उभे आहेत. म्हणून थंडीत पिकवायचं आणि उन्हाळ्यात वाळवायचं, ही खानदेशातली रीतच गच्चीवर आणायची आहे.

आता नियोजन. आम्ही काही जणींनी बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी वही घेतली आणि प्रत्येक घराला एकच विचारलं : जून ते सप्टेंबर तुमच्या स्वयंपाकघरात काय कमी पडतं? पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर महागते, येते तीही चिखलाने भरलेली. लाल मिरची वर्षभर लागते. टोमॅटो कधी मातीमोल, तर कधी शंभरीच्या पुढे. भरताची वांगी थंडीतच खरी चवीची, मग उरलेलं वर्ष नुसती आठवण. त्या उत्तरांवरून पेरणी ठरली. घरात जे लागत नाही ते कितीही छान उगवत असलं तरी लावायचं नाही. परदेशी पालेभाज्यांचा आग्रह दोघा तरुण सभासदांनी धरला होता, त्यांनीही तो सोडला.

मिरचीला सर्वांत जास्त जागा दिली आहे. चार किलो पिकलेल्या ओल्या मिरचीची वाळून जेमतेम किलोभर होते, म्हणजे मोजक्या झाडांवर वर्षाचं तिखट निघणार नाही. आधी नीट हिशेब केला नाही तर मार्चमध्ये हिरमोड होतो. टोमॅटोचं तर याहून अवघड, त्यात ९४ टक्के पाणीच. दहा किलो चकत्या वाळवल्या तर किलोभरही हाती येत नाही. म्हणून टोमॅटो मुख्यतः ताजे खायचे आणि फेब्रुवारीतला शेवटचा तोडा तेवढा वाळवायचा. मेथी पेरल्यापासून महिनाभरात कापणीला येते. सगळी एकदम पेरली तर एकदमच खावी लागते, म्हणून दर पंधरा दिवसांनी एकेक ट्रे पेरायचा. धने अख्खे न टाकता चपलेने हलके रगडून दोन फाकी करून पेरायचे, हे आमच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं.

वांग्यावर मात्र थोडं जास्त लिहिते, कारण तो आपला मान आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांसाठी लोक लांबून येतात. पिशवीत त्या मातीची चव जशीच्या तशी येईल असं मी म्हणत नाही, पण काळजी घेतली तर हिरवं, पातळ सालीचं, कमी बियांचं वांगं गच्चीवर नक्की होतं. त्याचा खरा शत्रू शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. शेंडा सुकून वाकलेला दिसला की त्याच दिवशी खालपर्यंत कापून नष्ट करायचा. त्यात दोन दिवसांची ढिलाई केली की अळी फळात जाते. फवारणी करायचीच तर निंबोळी अर्काची : लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवायची, सकाळी गाळायची, संध्याकाळी फवारायची. गच्चीवर रासायनिक औषध कुणीही मारणार नाही, हा नियम आम्ही लेखी द्यायला तयार आहोत. खाली मुलं खेळतात आणि शेजारच्या खिडक्या उघड्या असतात.

गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर ओल आली आणि गच्चीला कुलूप लागलं. ज्यांच्या छतातून पाणी उतरलं त्यांचा त्रास मी पाहिला आहे, त्यामुळे समितीने तेव्हा कुलूप लावलं यात मला चूक दिसत नाही. पण कुलूप तसंच राहिलं आणि आमच्या विंगमधल्या आजी परवा म्हणाल्या, “आते गच्चीवर जावाले बी चावी मांगनी पडस.” आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे त्यांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कुरडया यंदा बाल्कनीत अर्धवट वाळल्या. ज्वारीचं आणि गव्हाच्या चिकाचं ते सगळं काम वाया जाताना पाहून मला फार वाईट वाटलं. पापड-कुरडईला वारा आणि ऊन दोन्ही लागतं, बाल्कनीत दोन्ही पुरेसं मिळत नाही.

ओल येऊ नये आणि स्लॅबवर भार पडू नये यासाठी आम्ही काय करणार ते सांगते. ज्या सपाट गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. ओली माती घनमीटरला १,७०० किलोच्या वर भरते, म्हणजे फूटभर मातीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोच्या पुढे जातो. म्हणून वाफा मुळीच नको, माती थेट स्लॅबवर नकोच. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडी पोयटा माती यांचं हलकं मिश्रण भरलेली १५ लिटरची पिशवी, पाणी प्यायल्यावरही १२ ते १५ किलोची होते. चौरस मीटरला अशा ६ म्हणजे नव्वदच्या आत. वांग्याला २५ लिटरची लागते, तिथे ३ च. त्याही मधोमध न मांडता खांब आणि तुळयांच्या रेषेत मांडायच्या. पिशव्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर उचललेल्या राहतील, म्हणजे खालून झाडू फिरेल आणि पाणी मोरीकडे मोकळं वाहील. कठड्यावर एकही पिशवी ठेवायची नाही, वावटळ आली की काय होतं ते आपण जाणतो. हे सगळं एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून लेखी अभिप्राय घ्यावा. त्याची फी आम्ही इच्छुक सभासद वाटून भरू, सोसायटीच्या निधीतून नको.

पावसाळ्यात गच्ची मोकळी ठेवायची ती याच कारणासाठी. गिलकी, दोडकी, गवार त्या दिवसांत किती जोमाने येतात हे मला माहीत आहे आणि मोह होतो. पण स्लॅब कुठे पाझरतो ते पावसातच कळतं आणि तेव्हा वर काही मांडलेलं नसावं.

पाण्याचा प्रश्न सभेत येणारच. शंभर पिशव्यांना थंडीत दिवसाला १०० ते १५० लिटर पाणी पुरतं, तेही ठिबकने दिलं तर. २०० लिटरचा एक पिंप स्टँडवर ठेवून त्याला साध्या बारीक नळ्या जोडायच्या. ठिबकच्या गावात राहून आपण पाइपने पाणी मारायचं, हे शोभत नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी घरोघरून वर न्यायचं. आरओचं वाया जाणारं पाणी नुसतं घालायचं नाही, त्यातले क्षार पिशवीत साचतात. साध्या पाण्यात मिसळून अधूनमधून चालेल. खालच्या ताटल्यांत पाणी साचलं तर डेंग्यूचे डास होतात. त्यांची अंड्यापासून वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून दर रविवारी सगळ्या ताटल्या पालथ्या घालायची पाळी लावली आहे.

ओला कचरा आपल्याकडे वेगळा होतोच. त्यातला सालं-देठांचा भाग वाळक्या पाल्याबरोबर दोन बंद पिंपांत कुजवला तर दोन-अडीच महिन्यांत खत होतं. पिंपं आम्ही सांभाळू. वास आला तर दोष आमचा, आणि समितीने सांगितल्या दिवशी ती हलवू.

वाळवणाच्या बाबतीत मी थोडी कडक आहे आणि सगळ्यांनी तसं असावं असं मला वाटतं. मिरची पूर्ण वाळली नाही आणि डब्यात गेली तर बुरशी धरते, आणि काही बुरश्यांचं विष तळून-भाजूनही जात नाही. वाळलेली मिरची हलवली की आतलं बी खुळखुळलं पाहिजे. संध्याकाळी सगळं गोळा करून आत न्यायचं, रात्रभर उघड्यावर ठेवायचं नाही. मेथी आणि पुदिना थेट उन्हात घालू नये, रंग उडतो, वास उडतो आणि जीवनसत्त्वंही. जिन्याच्या छपराखाली सावलीत, वाऱ्यावर, सुती कापडावर पसरायची आणि हातात चुरली की डब्यात भरायची. गवार आणि चवळीच्या शेंगा कुणी बाजारातून आणून वाळवणार असेल तर त्या मिठाच्या उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढून मग पसरायच्या, नाहीतर त्या काळवंडतात आणि लाकडासारख्या होतात. सगळ्यावर मच्छरदाणीचं कापड, कबुतरांसाठी.

एक गोष्ट मात्र कुणी करू नये. हल्ली शिजवलेली भाजी काचेच्या बरणीत भरून, बरणी उकळत्या पाण्यात ठेवून, झाकण घट्ट लावून महिनोन् महिने टिकवण्याचे व्हिडिओ फिरतात. शेंगा, मका, वांगं, गाजर यांत आंबटपणा कमी असतो. अशा भाजीत, हवा नसलेल्या बरणीत, बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांची बीजं शंभर अंशांच्या उकळीने मरत नाहीत, त्याला दाबाखाली १२१ अंश लागतात. वासाने, रंगाने कळतही नाही आणि माणूस दगावू शकतो. आपल्या आयांनी भाजी एक तर वाळवली, नाहीतर मिठात-लिंबात-तेलात घातली, ते शहाणपणाचंच होतं. टोमॅटोची प्युरी करायची असेल तर ती फ्रीझरमध्ये. भरताची वांगी तुरीच्या काड्यांवर भाजून, सोलून, गर फ्रीझरमध्ये ठेवला तर काही महिने उत्तम राहतो आणि आषाढात कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर भरीत होतं. कांद्याची पात तेवढी ताजी घ्यायची.

खर्चाचं आणि जबाबदारीचं थोडक्यात. पिशव्या, पिंप, नळ्या यांचा खर्च सहभागी घरं करतील. पीक गच्चीवर कष्ट करणाऱ्यांमध्ये वाटलं जाईल, विक्री होणार नाही. गच्चीची चावी वॉचमनकडे वहीत सही करून मिळेल, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. लहान मुलं मोठ्या माणसाशिवाय वर जाणार नाहीत. वाळवणासाठी भाजीपाल्यात सहभागी असण्याची अट नको, बिबडे-कुरडयांपुरती गच्ची सगळ्यांना खुली असावी, अ विंगलाही. आणि वर्षाने समितीला हे पटलं नाही तर एका महिन्याच्या सूचनेवर आम्ही सगळं उचलू.

ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन गच्चीसाठी योग्य वाणांची चौकशी मी करणार आहे. समितीतलं कुणी बरोबर आलं तर बरंच होईल, त्यांच्या शंका त्यांनाच विचारता येतील.

वांगी, मिरची आणि टोमॅटोचं बी मी याच आठवड्यात माझ्या बाल्कनीत ट्रेमध्ये पेरते आहे. रोपं साधारण पाच आठवड्यांत लावणीला येतात, म्हणजे सभेच्या सुमारास. ठराव मंजूर झाला तर ती गच्चीवर जातील. नाही झाला तर ज्यांना हवीत त्यांना बाल्कनीसाठी घरोघर वाटून देईन. सभेआधी प्रत्यक्ष आराखडा पाहायचा असेल तर कोणत्याही संध्याकाळी या, गच्चीवर खडूने पिशव्यांच्या जागा आखून दाखवते. त्यासाठी तेवढी चावी द्यावी.

कळावे,
आपली सभासद,
ब विंग, तिसरा मजला

सोबत : १) इच्छुक सभासदांच्या सह्या २) पिशव्यांच्या मांडणीचा आराखडा ३) पाण्याच्या आणि सफाईच्या पाळीचा तक्ता