बऱ्या झालेल्या पण कधीच न सुटणाऱ्या घारींसाठी, वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
नमस्कार.

मी नागपूरचा. संक्रांतीनंतर इथल्या एका रेस्क्यू सेंटरवर मदतीला जातो, नाव मुद्दाम देत नाही कारण प्रश्न एका सेंटरचा नाहीच. तिथे मागच्या बाजूच्या पिंजऱ्यांमधले पक्षी बरे झालेत पण सुटणार नाहीत, कधीच. घारी सगळ्यात जास्त, मग शिकरे, एक गव्हाणी घुबड.

नायलॉन मांजा पंखात अडकला की पक्षी धडपडतो आणि जेवढा धडपडतो तेवढा मांजा आत शिरतो, खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा जो पडदा असतो तो फाटतो, कधी आतली कंडराच तुटते. टाके घालून जखम भरते हो, पण पंख पूर्ण उघडत नाही. आणि घारीचं सगळं जगणंच त्या उघड्या पंखावर, तापलेल्या हवेवर तासन्‌तास तरंगत राहणं. शिकऱ्यांचं वेगळं. पडलेलं पिल्लू कुणीतरी मायेनं घरी नेतं, दूध-पाव भरवतं, त्याने हाडं वाकडी होतात आणि पिल्लू माणसालाच आपलं समजायला लागतं. असा पक्षी जंगलात सोडणं म्हणजे मारणंच.

हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, आपल्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तरी दर जानेवारीत मांजा मिळतोच. त्यावर बरेच लोक लिहितात, लिहायलाच हवं. मला त्याच्या पुढचं बोलायचंय.

साहेब, आपली ट्रान्झिट सेंटरं उपचार करून सोडून द्यायला उभी केलीत. आयुष्यभर सांभाळायला नाहीत. नीट सांभाळली तर घार वीस वर्षं सुद्धा जगते. म्हणजे एक पिंजरा तेवढी वर्षं अडकला, आणि पुढच्या संक्रांतीला नवे जखमी पक्षी आले की ठेवायचं कुठे? आणि सांभाळणं म्हणजे नुसतं कोंबडीचं मांस टाकणं नाही. बसायची दांडी कडक, एकाच जाडीची असली की तळपायाला फोड येऊन सडतात, म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लागतात, त्यावर काथ्या गुंडाळावा लागतो. जाळीवर आपटून पिसं तुटू नयेत म्हणून आडोसा लागतो. हे सगळं तिथली पोरं पदरचे पैसे घालून करतात.

प्रत्येक पक्षी ठेवलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. ज्याला सतत वेदना आहेत, जो माणूस दिसला की जाळीवर डोकं आपटतो, त्याला शांतपणे मरण देणं हीच दया. पण तो निर्णय डॉक्टरने पक्षी तपासून घ्यावा, पिंजरा रिकामा नाही म्हणून घेतला जाऊ नये. आज लेखी धोरण नसेल तर तसंच होणार.

आणि हे पक्षी निरुपयोगी नाहीत हो. उडता न येणारी घार किंवा घुबड आईवेगळ्या पिल्लांना वाढवू शकतं, ती पिल्लं माणसाच्या हातावर न वाढता आपल्या जातीचं वागणं शिकतात आणि सुटायला लायक होतात. एका कायमच्या पाहुण्यामुळे दर सीझनला काही पिल्लं आकाशात जातील.

म्हणून मागणी एवढीच. विदर्भात एक आणि पुणे-मुंबईकडे एक, शिकारी पक्ष्यांसाठी कायमस्वरूपी निवारा करा, जागा वनखात्याची, स्वतंत्र डॉक्टर, आणि खाण्याचा खर्च बजेटमध्ये दरवर्षी. रेस्क्यू सेंटर लोकांना बघायला खुलं ठेवता येत नाही आणि ते योग्यच आहे, पण माणसाला न घाबरणारे मोजके पक्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी घेऊन वेगळ्या भागात ठेवता येतील का ते बघा, डिसेंबरमध्ये शाळांच्या सहली तिथे येऊ द्या. पतंग उडवायच्या आधी मुलांनी तो पंख जवळून बघावा.

येत्या अधिवेशनात याला तरतूद मिळाली तर पुढच्या संक्रांतीच्या आत निदान एका निवाऱ्याचं काम सुरू होईल. तुम्ही सांगाल तेव्हा आम्ही सगळे नागपुरात भेटायला तयार आहोत.

आपला,
सेंटरवर मदतीला जाणारा एक नागपूरकर